फणेरपेटी आणि पारदर्शक पिशवी

सामान भरणे ही एक कला आहे असे जे म्हणतात, त्यांनी बहुधा दुसऱ्याने भरलेले सामान नुसते उचलले असावे. आम्हा दिल्लीकर मराठी मंडळींना ही चैन कधीच परवडली नाही. चाकरीच्या निमित्ताने इकडे येऊन काही घरांत तीन-चार पिढ्या लोटल्या. घरे पहाडगंज आणि करोलबागेतून निघून नोएडा-गुरुग्रामपर्यंत पसरली. तरी लग्नकार्ये, सणवार आणि आजारपणे यांसाठी दक्षिणेची वाट काही सुटत नाही. त्यात आता मुले परदेशी स्थायिक झाल्यामुळे लंडन, टोरांटो, सिडनी ही नावेही घरोघर पुण्या-नागपुराइतकीच सहज उच्चारली जातात. वर्षातून तीन-चार वेळा तरी दिवाणखान्यात बॅग उघडी पडते आणि घरातील माणसे तिच्याभोवती बसतात. साड्या, शाली, लाडवांचे डबे यांची व्यवस्था चटकन लागते. शेवटी उरते ती वीतभर लांबीची एक पिशवी. तेल, क्रीम, अत्तर, काजळ, लिपस्टिक, नखांचा रंग, पावडर असा सारा प्रसाधनांचा संसार तिच्यात मांडावयाचा असतो, आणि मोठ्या बॅगेला लागला नसेल इतका वेळ ही पिशवी खाते.

विषय क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या रूपासाठी माणूस जे जवळ बाळगतो, ते त्याच्या सामानातील सर्वांत खाजगी असते. आणि विमानतळावर नेमके तेच चारचौघांत काढून दाखवावे लागते. ही पिशवी भरावयाची म्हणजे त्या प्रसंगाची तयारी करावयाची.

आमच्या आधीच्या पिढ्यांतील स्त्रियांना हा प्रश्न पडला नव्हता. पंजाब मेल 1912 पासून मुंबई आणि उत्तर हिंदुस्थान यांच्यामध्ये धावत आहे. तिच्यातून किंवा दुसऱ्या कोणत्या गाडीतून त्या दिल्लीस आल्या, तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या घड्यांखाली त्यांची फणेरपेटी असे. लाकडाची चौकोनी पेटी, झाकणाच्या आतल्या अंगास आरसा, आणि खाली लहान लहान कप्पे. एका कप्प्यात फणी, दुसऱ्यात कुंकवाचा करंडा, तिसऱ्यात मेणाची डबी, चौथ्यात काजळ. कपाळी आधी मेणाचे बोट लावावयाचे आणि त्यावर कोरडे कुंकू टेकवावयाचे, म्हणजे ते दिवसभर ढळत नसे. या पेटीत सांडण्यासारखे काहीच नव्हते, ही गोष्ट आता ध्यानात येते. मेण घट्ट, काजळ तुपातले घट्ट, कुंकू कोरडे. नहाणासाठी शिकेकाईची पूड, दिवाळीसाठी उटणे, तेही कोरडेच. एकट्या तेलाच्या बाटलीचे भय. तिच्या तोंडाला चिंधी बांधून ती वळकटीत उभी ठेवली, की काम भागे.

बाटल्यांचे राज्य त्यानंतर आले. मुंबईस तयार होणाऱ्या अफगाण स्नोची काचेची बरणी मध्यमवर्गीय घरांतून दिसू लागली. टाटांनी 1952 मध्ये लॅक्मे सुरू केली आणि देशी सौंदर्यप्रसाधने दुकानांच्या फळ्यांवर मांडली गेली. करंड्याच्या जागी ओल्या कुंकवाची बाटली आली. झाकणाला जोडलेल्या काडीने ते लावावयाचे. पुढे टिकल्यांची पाकिटे आली आणि ही बाटलीही मागे पडली. परंतु तोपर्यंत शांपू, लोशन, सेंट आणि नखांचे पॉलिश यांनी पेटीची जागा पक्की व्यापली होती. कोरडे होते ते ओले झाले, आणि आपण ओले झालो त्याच काळात जग विमानात बसू लागले.

विमानाला ओल्या वस्तूंचे भय का वाटते, याचा इतिहास फार जुना नाही. 1994 च्या डिसेंबरात फिलिपाइन एअरलाइन्सच्या टोकियोस जाणाऱ्या विमानात स्फोट होऊन एक प्रवासी ठार झाला. डोळ्यांत घालावयाच्या भिंगांसाठी जो द्रव मिळतो, त्याच्या बाटलीतून स्फोटक पदार्थ विमानात नेण्यात आला होता. त्यानंतर बारा वर्षांनी, 10 ऑगस्ट 2006 रोजी, ब्रिटिश पोलिसांनी अटलांटिक ओलांडणारी विमाने उडवून देण्याचा एक कट उघडकीस आणला. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटके न्यावयाची, असा तो बेत होता आणि त्यांच्या मुळाशी हायड्रोजन पेरॉक्साइड होते. केसांचा रंग उतरविण्यासाठी जे रसायन वापरतात तेच हे! त्या आठवड्यात ब्रिटनच्या विमानतळांवर हातातील सामानातून पाण्याचा थेंबही नेता येईना. तान्ह्या मुलाच्या दुधाची चव आईने आधी स्वतः घेऊन दाखवावी लागे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात युरोपने नियम थोडा सैल केला: प्रत्येक बाटली जास्तीत जास्त 100 मिलिलिटरची, आणि अशा साऱ्या बाटल्या एक लिटर मापाच्या, तोंड बंद होणाऱ्या एका पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. 2007 च्या मार्चपासून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेनेही हेच माप सर्व देशांना सुचविले, आणि दिल्लीहून परदेशी जाणाऱ्या प्रवाशालाही ते लागू झाले. आमच्या घरातील वीतभर पिशवीची लांबी-रुंदी अशी लंडनच्या पोलिसांनी ठरविली!

या नियमात एक बारकावा आहे, आणि त्याने पुष्कळांना रडविले आहे. नियम बाटलीचे माप पाहतो, आतल्या द्रवाचे पाहत नाही. आमच्या नात्यातील एक मावशी, सत्तरी ओलांडलेल्या, नातीच्या बाळंतपणानंतर तिला भेटावयास परदेशी निघाल्या. बाळंतपणानंतर मुलीचे केस फार गळू लागले होते, म्हणून त्यांनी माक्याचे तेल बरोबर घेतले. हे तेल त्यांच्या थोरल्या बहिणीने काढलेले. माका, ब्राह्मी आणि आवळा खोबरेल तेलात कढविण्याचे तिचे प्रमाण घरात दुसऱ्या कोणास साधले नव्हते, आणि तेल काढल्यावर दोनच महिन्यांनी ती बहीण वारली. शिल्लक राहिलेले तेल 200 मिलिलिटरच्या औषधाच्या बाटलीत तळाशी चार बोटे होते. मोठी बॅग हरवली तर काय घ्या, म्हणून मावशींनी ते हातातल्या पिशवीत ठेवले.

एका विमानतळावर ती बाटली बाजूस काढण्यात आली. तपासणीवरची मुलगी सभ्य होती. “माताजी, बोतल दो सौ की है,” एवढेच ती म्हणाली. मावशींनी आतले तेल दाखविले. ते पन्नास मिलिलिटरही नसेल. मुलीने मान हलविली. मोठी बॅग तर केव्हाच पट्ट्यावरून आत गेली होती. मावशी क्षणभर थांबल्या. मग त्यांनी बूच उघडले, तळहातावर तेल ओतून घेतले आणि आपल्या पांढऱ्या केसांना, भांगापासून शेपट्यापर्यंत, ते शांतपणे चोळले. रांग मागे खोळंबली होती. कोणी काही बोलले नाही. उरलेली बाटली त्यांनी स्वतःच्या हाताने त्या डब्यात ठेवली. पुढे फोनवर हे सांगताना त्या म्हणाल्या, “केस नाही राखता आले पोरीचे, पण वास तरी आला तिला. मावशीआजीचा वास म्हणून रडली.”

त्या मुलीस आम्ही दोष देत नाही. ती चूक ओळखू शकते, तेलाचे मोल ओळखणे तिच्या कामात बसत नाही. परंतु त्या दिवसापासून आमच्या घरी पिशवी भरण्याच्या कामाला एक गांभीर्य आले. जी वस्तू पुन्हा मिळणार नाही तिचे दोन भाग करावयाचे: एक 100 मिलिलिटरच्या आतल्या, अंगावर माप छापलेल्या बाटलीत घालून हाताशी, दुसरा मोठ्या बॅगेत. दोहोंपैकी एक तरी पोचते. माप छापलेले नसेल तर पाहणाऱ्यास अंदाज करावा लागतो, आणि त्याचा अंदाज आपल्या बाजूने झुकेलच असे नाही.

मोठ्या बॅगेतही सारेच चालते असे नव्हे. प्रसाधने आणि औषधे मिळून माणशी दोन लिटर किंवा दोन किलो, आणि त्यांतील एकेक वस्तू अर्ध्या लिटरच्या वा अर्ध्या किलोच्या आत, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. सेंट, केसांचा फवारा आणि नखांचे पॉलिश ही ज्वालाग्राही असल्यामुळे ती यातच मोजली जातात. फवाऱ्याच्या डब्यावर टोपण घट्ट हवे, नाहीतर कपड्यांच्या दाबाने तो आतल्या आत सुटत राहतो. ओटीसाठी नेलेली सुक्या खोबऱ्याची वाटी मात्र घरीच राहू द्यावी. तेलामुळे ते खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या शास्त्रात त्याची गणना धोक्याच्या मालात होते. उलटपक्षी ज्या उपकरणांच्या सुट्या बॅटऱ्या असतात, त्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत, हातातच न्याव्या लागतात. ओले खाली, बॅटरी वर, एवढे सूत्र पाठ असले की निम्मे काम होते.

आता बाटल्या गळतात का, ते पाहू. विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असले तरी आतली हवा तेवढी विरळ होऊ देत नाहीत. ती सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी राखतात. सामानाच्या कोठीतही बहुधा हीच स्थिती असते. दिल्लीच्या वाचकास हे शिमल्याच्या उदाहरणाने लगेच पटेल. दिल्लीत विकत घेतलेले वेफर्सचे पाकीट शिमल्यास पोचेपर्यंत टम्म फुगते. बाहेरचा दाब कमी झाला की आत कोंडलेली हवा पसरते, हा नियम रॉबर्ट बॉइल याने 1662 मध्येच सांगून ठेवला आहे. विमानात ती पाव ते तृतीयांशाने पसरते. बाटली काठोकाठ भरलेली असेल तर आत हवाच थोडी, त्यामुळे उपद्रवही थोडा. पण 100 मिलिलिटरची बाटली अर्धी रिकामी असेल, तर तिच्यातील पन्नास मिलिलिटर हवा आणखी दहा-पंधरा मिलिलिटर जागा मागते. बाटली आडवी वा उलटी पडली असेल तर तेवढे लोशन साडीवर येते. “अर्धीच तर होती, कशी सांडली?” असा प्रश्न घरोघर विचारला जातो, त्याचे उत्तर हे आहे. जुन्या काळी शाईच्या पेनांची हीच गत होई, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांनी बॉलपेन जवळ केले ते एवढ्यासाठीच.

तेव्हा मऊ बाटली असेल तर तिच्यातील हवा हाताने दाबून काढावी आणि मग झाकण लावावे. झाकण फिरवून काढून बाटलीच्या तोंडावर पातळ प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा ठेवावा आणि वरून झाकण पुन्हा आवळावे. ज्या बाटलीचे झाकण टिचकीने उघडते, तिला चिकटपट्टी लावावी. काचेची बाटली पायमोज्यात घालून कपड्यांच्या मध्यभागी, तोंड वर करून ठेवावी. कडेला ठेवलेली फुटते. नखांचा रंग काढण्याचे द्रव दुसऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतू नये, कारण त्यातील ॲसिटोन काही जातींचे प्लॅस्टिक विरघळविते. पावडरीची वडी आणि झाकण यांमध्ये कापसाची चकती घातली, की धक्क्याने वडीचा चुरा होत नाही. आणि एवढे केल्यावरही प्रत्येक बाटली वेगळ्या लहान पिशवीत घालावी. दाराला कडी लावल्यावर कुलूप लावतो तसे.

दिल्लीच्या ऋतूंची याला आणखी दोन कलमे जोडावी लागतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. तेव्हा उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत किंवा धावपट्टीजवळच्या सामानाच्या गाड्यावर लिपस्टिक आणि काजळ मऊ पडून आकार सोडतात; शेवटी लिपस्टिक म्हणजे तरी काय, रंगविलेले मेणच. अशी मेणाची प्रसाधने हातातल्या बॅगेत असावीत. घट्ट लिपस्टिक बहुतेक ठिकाणी द्रवात धरीत नाहीत. मस्कारा आणि ओठांचे पातळ चकाकणारे ग्लॉस मात्र धरतात. दुसरे कलम डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्याचे. धुके उतरले की विमाने तासन्‌तास अडतात, कधी दुसऱ्याच शहरी वळविली जातात, आणि प्रवासी एकीकडे नि सामान दुसरीकडे असा प्रकार होतो. त्या दिवसांत जिचे लग्न पुण्यास आहे अशा दिल्लीच्या नवरीने मुहूर्ताला लागणारे कुंकू, टिकल्या, काजळ आणि अंगाला सोसणारे एक क्रीम, एवढे तरी स्वतःच्या हातात ठेवावे. मुहूर्त सामानाची वाट पाहत नाही.

देशातल्या देशात जाताना पाण्याच्या बाटलीला सहसा कोणी हरकत घेत नाही; त्यामुळे ज्यांनी दिल्ली-पुणे असा प्रवास दहा वेळा केला आहे, तेच अकराव्या वेळी परदेशी जाताना गाफील राहतात. ब्रिटनमधील काही विमानतळांवर नवी क्ष-किरण यंत्रे बसली आणि 2025 मध्ये तेथे 100 मिलिलिटरची अट सुटली, हे खरे. पण वाटेत जेथे विमान बदलावयाचे तेथला नियम जुना असेल तर त्या सवलतीचा उपयोग नाही. सर्वांत कडक टप्प्याचा नियम हाच सबंध प्रवासाचा नियम समजावा. कोरड्या वस्तूही सर्वस्वी निर्भय राहिलेल्या नाहीत. अमेरिकेस जाताना हातातल्या सामानात 350 मिलिलिटर मापापेक्षा जास्त पूड असली, तर 2018 पासून तिची वेगळी तपासणी होते. दिवाळीसाठी मुलीकडे उटणे आणि शिकेकाई नेणाऱ्या आईने ती मोठ्या बॅगेत घालावी, आणि हळदीकुंकवाची लहान कुयरी तेवढी जवळ ठेवावी.

या साऱ्या बंधनांत सुखाने मावणारी एक वस्तू आमच्या दिल्लीतच मिळते. चांदणी चौकातून दरीबा कलाँमध्ये वळले की गुलाबसिंग जोहरीमल यांचे अत्तराचे दुकान लागते. ते 1816 पासून आहे. तेथे खस, गुलाब, मोगरा यांची अत्तरे बोटभर उंचीच्या बाटल्यांतून मिळतात. जुन्या पद्धतीने काढलेल्या अत्तरात मद्यार्क नसतो. ते चंदनाच्या तेलात मुरलेले असते, आणि एक थेंब मनगटास दिवसभर पुरतो. सेंटची मोठी कुपी वागविण्यापेक्षा दहा मिलिलिटरची ही बाटली कितीतरी सोयीची. ती भरताना दुकानदार बूच कसे बसवितो, हे नीट पाहून घ्यावे. त्या हाताला दोनशे वर्षांचा सराव आहे.

आमच्या मनात मात्र या सर्वाहून वेगळा एक विचार येतो. फणेरपेटीला झाकण होते. घरात स्त्रीचे म्हणून जे थोडे असे, त्यात ही पेटी होती. ती उघडी असताना पुरुषमाणसे सहसा त्या खोलीत रेंगाळत नसत. आज तीच पेटी पारदर्शक झाली आहे. कोणाच्या डोक्यास कलप लागतो, कोणाच्या चेहऱ्यावरचे डाग कशाने झाकले जातात, कोणाला कसले मलम लागते, हे सारे त्या ट्रेमध्ये परक्यांच्या डोळ्यांपुढून सरकत जाते. बाईच्या अंगझडतीसाठी पडदा असतो. तिच्या पिशवीसाठी नसतो. नियम आवश्यक आहे. ज्यांनी विमाने उडविण्याचे बेत केले त्यांनी तो आपल्यावर आणला. पण त्या उघडेपणात आपली अब्रू आपण राखू शकतो. जिने आदल्या रात्री शांतपणे बसून काय न्यावयाचे, काय ठेवावयाचे आणि काय कोठे ठेवावयाचे हे ठरविले आहे, तिची पिशवी कोणी बाजूस काढीत नाही. ती आपली ट्रे उचलून, पदर सावरून, पुढे निघून जाते. जिची पिशवी गबाळी, तिला मात्र रांगेच्या डोळ्यांदेखत एकेक बाटली उचलून हे काय, ते काय, याचे उत्तर द्यावे लागते. सामान नीट भरण्याचा हा लाभ गळती थांबविण्यापेक्षा मोठा आहे.

म्हणून हल्ली आमच्याकडे निघण्याच्या आदल्या रात्री जेवणे लवकर होतात. सतरंजीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर साऱ्या बाटल्या उभ्या केल्या जातात. घरातील नातवंडांना माप वाचण्याचे काम दिलेले असते, आणि ती ते तपासणीवरच्या शिपायाच्या तोऱ्यात करतात. मोठी माणसे झाकणे आवळतात. निम्म्या बाटल्या परत कपाटात जातात, कारण नीट पाहिल्यावर त्यांची गरज नव्हतीच असे दिसून येते. आणि ओळखीचे कोणी परदेशी निघाल्याचे कळले, की केव्हाचे विमान, कोठे उतरणार, हे विचारण्याआधी आम्ही विचारतो, “तेल नेणार आहात ना? बाटली केवढी आहे?”